जादा पानांचा अर्ज

वसईकडच्या वटारमध्ये जमीन गुंठ्यांत मोजतात आणि जमिनीवरचं भांडण पानांत. गुंठे पिढीगणिक कमी होतात, पानं पिढीगणिक वाढतात. पणजोबांची वाडी चार एकरांची होती आणि तिच्याबद्दलचा कागद एकच होता, तोही ट्रंकेच्या तळाशी घडी घालून ठेवलेला. आता पणतवंडांच्या वाट्याला सात-सात गुंठे, एक सामाईक विहीर, अर्धं बावखल (वाडीतलं तळं) आणि वकिलाच्या कपाटात तीन बोटं जाडीची फाइल. निर्मळपासून राजोडीपर्यंत कुठल्याही वाडीत शिरा. केळी, नारळ, पानवेल आणि दावा या चार गोष्टी बारमाही असतात.

माणसांचं सोडा, आमच्याकडे गावांचाही दावा असतो. वसई-विरार महापालिका २००९ मध्ये झाली, २०११ मध्ये शासनाने २९ गावं तिच्यातून वगळायचं ठरवलं आणि तो वाद उच्च न्यायालयात गेला. त्या साली ज्यांचं बारसं झालं ती पोरं हायस्कुलात गेली, तरी आपण गावात राहतो की शहरात, हे काही नाक्यावर ठरेना. तेव्हा कोर्टाच्या कागदाची आम्हाला भीती नाही. सातबारा, फेरफार, वारसनोंद, मोजणीचा नकाशा हे शब्द इथली मुलं घरातच ऐकून मोठी होतात.

आमच्या मोठ्या काकांची हकिगत म्हटली तर दोन ओळींची आहे. राजेळी केळीच्या वाडीत जायला पायवाट होती. शेजारच्या भाऊबंदाने तिच्यावर कुंपण घातलं. संपलं. पण काकांना विचारा, ते १९७१ पासून सुरुवात करतात. त्या वर्षी भाऊबंदांच्या घरच्या लग्नात आमच्या आजोबांना विडा मिळाला तो दुसरी पंगत उठल्यावर. ज्या गावातून पानांचे करंडे मुंबईला जातात त्या गावात, पानवेल लावणाऱ्या माणसाला, विडा उशिरा! कुंपणाचं मूळ तिथे आहे, याबद्दल काकांच्या मनात तिळमात्र शंका नाही.

वसईच्या वकीलसाहेबांना मात्र होती. ते म्हणाले, "काका, मला तीनच गोष्टी सांगा. वाट कुठून कुठे होती, किती रुंद होती, आणि बंद कधी झाली?"

"सांगतो. आधी विड्याचं लिहून घ्या."

"विड्याचा आणि वाटेचा संबंध काय?"

"वकीलसाहेब, तुम्ही अजून तरुण आहात," काका म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

वकिलांनी एक सोपा मार्गही सुचवला होता. १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम अजून जिवंत आहे. त्याच्या कलम ५ खाली शेताकडे जाणारी वाट कुणी अडवली तर तहसीलदारांकडे दाद मागता येते. अट एकच, अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जायचं. काका म्हणाले, ठीक, मी माझं म्हणणं घरी नीट लिहून आणतो. दोनशे पानी वही घेतली. पावसाळाभर लिहीत होते. निर्मळच्या जत्रेला पाहुणे आले तेव्हा लेखन १९९४ पर्यंत आलं होतं, आणि सहा महिन्यांची मुदत त्याआधीच संपून गेली होती. मग उरलं दिवाणी कोर्ट, जिथे घाई कुणालाच नसते.

दिवाणी दाव्याचा कागद कसा असतो, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हिरवट लेजर कागद, डाव्या बाजूला ऐसपैस समास, आणि पहिल्याच कलमात वादी हा वर नमूद ठिकाणचा कायमचा रहिवासी असून शेती करून आपली व आपल्या कुटुंबाची उपजीविका करीत असल्याची ग्वाही. इथे परिच्छेदाला 'कलम' म्हणतात, त्यामुळे साधं वाक्यसुद्धा कायद्यासारखं दिसू लागतं. मग मिळकतीचं वर्णन: गट नंबर, क्षेत्र, आकार आणि चतुःसीमा. हे हवंच, जमीन ओळखता येईल असं वर्णन दाव्यात द्या, असं दिवाणी प्रक्रिया संहितेतच सांगितलं आहे. पण काकांच्या चतुःसीमेत 'उत्तरेस प्रतिवादीची मिळकत' इतक्यावर भागलं नाही. 'उत्तरेस प्रतिवादीची म्हणवली जाणारी, परंतु वास्तविक वादीच्या आजोबांनी भिडेखातर सोडून दिलेली मिळकत' असं ते झालं. एका दिशेला एवढं, मग चार दिशांना किती, हिशेब तुम्हीच करा.

लांबलचक दाव्याला वकील जबाबदार, असं म्हणायची एक रीत आहे. टायपिंगवाला पानागणिक पैसे घेतो, नकलेलाही पानागणिकच पैसे पडतात, तेव्हा संशय घेणं सोपं. पण मला वाटतं वकील बिचारा भीतीपोटी लांब लिहितो, आणि ती भीती कायद्यानेच घातलेली आहे. दाव्यात जी गोष्ट मांडली नाही तिचा पुरावा पुढे चालत नाही. आणि समोरच्याने मांडलेली गोष्ट आपण स्पष्ट शब्दांत नाकारली नाही तर ती कबूल धरली जाते. या दोन नियमांमध्ये सापडलेला माणूस दुसरं काय करील? वादी सगळं सांगून ठेवतो आणि प्रतिवादी सगळं नाकारून ठेवतो. म्हणून तर कैफियतीत ते प्रसिद्ध पालुपद येतं: कलम १ मधील मजकूर खरा व बरोबर नसून तो प्रतिवादीस मान्य व कबूल नाही. कलम २ मधील मजकूर खरा व बरोबर नसून... असं शेवटच्या कलमापर्यंत. काकांच्या भाऊबंदाने तर 'वादी हा वटार येथील कायमचा रहिवासी आहे' हेही नाकारलं. दोघांच्या घरांच्या मधोमध एक फणसाचं झाड आहे. रोज सकाळी दोघं एकमेकांचं खाकरणं ऐकतात.

गंमत अशी, की ज्या संहितेची एवढी धास्ती, ती १९०८ ची संहिता स्वतः मात्र थोडक्यात लिहा असं सांगते. आदेश ६, नियम २: दाव्यात महत्त्वाच्या वस्तुस्थिती तेवढ्या द्या, थोडक्यात द्या, पुरावा देऊ नका. नियम १६ प्रमाणे अनावश्यक, बदनामीकारक किंवा नुसता खोडसाळ मजकूर कोर्ट काढून टाकायला लावू शकतं. पानांचा आकडा मात्र कुठेच दिलेला नाही. बहुधा १९०८ च्या लोकांना वाटलं असावं, थोडक्यात म्हटलं की लोक थोडक्यात लिहितील. त्यांनी आमचे काका पाहिले नव्हते.

नमुन्याशिवाय आपल्या लोकांना समजत नाही, हे मात्र त्यांनी ओळखलं होतं. संहितेच्या शेवटी परिशिष्ट 'अ' आहे आणि त्यात दाव्यांचे नमुने छापले आहेत. उसने दिलेले पैसे परत मिळण्याचा दावा तर तीन-चार ओळींचा. अमुक दिवशी इतके रुपये दिले, अमुक दिवशी परत करायचे होते, केले नाहीत. मला सगळ्यात आवडतो तो घोडागाडीचा नमुना. साल १८७५, गाव कलकत्ता, दुपारचे तीन. वादी चप्पल-बूट शिवणारा कारागीर, चौरंगीच्या रस्त्याने दक्षिणेकडे चालला आहे. मिडलटन स्ट्रीट ओलांडून तो पलीकडच्या पदपथावर पाय ठेवणार, एवढ्यात प्रतिवादीची दोन घोड्यांची गाडी इशारा न देता भरधाव वळते, गाडीचा दांडा त्याला लागतो, तो पडतो, घोड्यांच्या पायांखाली येतो, त्याचा डावा हात मोडतो. आणि हा प्रतिवादी कोण, तर व्यापारी! दोन घोड्यांची गाडी आणि वर नोकर बाळगणारा व्यापारी, या एका गोष्टीवर आमच्या वटारचा माणूस चार पानं लिहील. हा पैसा आला कुठून? याच्या बापाकडे काय होतं? गाडी कुणाच्या नावावर आहे? संहितेतला कारागीर यातलं काहीही विचारत नाही. दिवस, वेळ, रस्ता, दिशा, दांडा, हात. पुढे औषधपाण्याचा खर्च, बुडालेला धंदा आणि मागितलेली रक्कम. सगळा मिळून एका पानाच्या आत.

हा नमुना मी वकीलसाहेबांना दाखवला. ते हसून म्हणाले, "कॉलेजात वाचला होता. पण असा दावा आणून दिला तर पक्षकार माझी फी देईल का?"

खरं आहे. आपल्याकडे जाडी बघून भरवसा ठेवतात. कोर्ट फी दाव्याच्या मूल्यावर लागते, पानांवर लागत नाही, ही त्यातली अडचण. पानावर लागली असती तर अख्खं वसई कोर्ट चार दिवसांत संक्षेप शिकलं असतं.

जिथे आकडा घालून दिला आहे तिथे काय होतं, ते पाहण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या संघीय अपील न्यायालयांत मुख्य लेखी निवेदनाला १३,००० शब्दांची मर्यादा आहे. आधी ती १४,००० होती, २०१६ च्या डिसेंबरात हजाराने खाली आणली. निवेदनाबरोबर आपण शब्द मोजले असल्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याहून जास्त लिहायचं असेल तर आधी रीतसर अर्ज करायचा: मला जादा जागा द्यावी, कारण असं असं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा नियम तर स्वच्छ सांगतो, की असे अर्ज आम्हाला आवडत नाहीत. आपल्याकडच्या लग्नपत्रिकेत 'आहेर आणू नये' लिहितात तसं नव्हे. तिथे ते खरंच आवडत नाहीत.

मर्यादा आली की पळवाटही येते. मेक्सिकोच्या आखातातल्या तेलगळतीच्या खटल्यात २०१४ मध्ये बीपी कंपनीच्या वकिलांनी जादा पानं मागितली. न्यायाधीशांनी २५ ची ३५ करून दिली. वकिलांनी बरोबर ३५ पानं सादर केली. न्यायाधीशांना ती जरा दाट वाटली. नीट पाहिलं तर ओळींमधलं अंतर बेताने आवळलेलं, आणि त्यातून सहा-एक पानांचा मजकूर आत घुसवलेला! अब्जावधी डॉलरच्या कंपनीने शाळकरी पोराची युक्ती केली, म्हणून न्यायाधीशांनी लेखी खरडपट्टी काढली. मला ही बातमी वाचून फार बरं वाटलं. बांध दरवर्षी वीतभर सरकवायची कला फक्त आपल्याच वाड्यांमध्ये आहे असा माझा समज होता.

याच्या उलट बॉब कोन नावाच्या वकिलाचं. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात ई-पुस्तकांच्या किमतीवरून अॅपल आणि प्रकाशकांविरुद्धचा खटला चालू होता. कोन यांना त्रयस्थ म्हणून आपलं म्हणणं मांडायचं होतं, त्यासाठी त्यांनी २५ पानं मागितली. न्यायाधीशबाईंनी पाच दिली. कोन यांनी पाचच पानं सादर केली, पण चित्रकथेची! चौकटी आखलेल्या, पात्रांच्या तोंडी फुगे, फुग्यांत अर्थशास्त्र. नियम पाळला आणि बोललेही सगळं. निकालावर त्याचा काही परिणाम झाला नाही, पण त्या खटल्यातली बाकीची हजारो पानं लोक विसरले आणि ही पाच लक्षात राहिली.

इंग्लंडने तर परवानगीबिरवानगीच्या भानगडीत न पडता थेट शिक्षाच केली होती. १५९६ साली चॅन्सरी न्यायालयात मिलवर्ड विरुद्ध वेल्डन नावाच्या दाव्यात वादीच्या मुलाने १२० पानांचं उत्तर लिहून दिलं. कोर्टाच्या मते ते १६ पानांत मावलं असतं. हुकूम झाला: त्या गठ्ठ्याच्या मधोमध भोक पाडा, त्यातून या लेखकाचं डोकं बाहेर काढा, लिहिलेली बाजू वर दिसेल असा तो गठ्ठा त्याच्या खांद्यांवर राहू द्या, आणि वेस्टमिन्स्टर हॉलमधली तिन्ही न्यायालयं बसलेली असताना त्याला उघड्या डोक्याने सगळीकडे फिरवा. वर दहा पौंड दंड, आणि तो भरेपर्यंत तुरुंग. आपल्याकडे असा नियम आला तर वसई कोर्टाच्या व्हरांड्यात एका वेळी किती माणसं फिरतील, या विचाराने मला एकदा एसटीत हसू आवरेना.

इकडेही वारं बदलतं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये कागद ए-फोर, दोन्ही बाजूंनी छपाई, अक्षर १४ आकाराचं, दोन ओळींत दीडपट अंतर असं ठरवून दिलं; म्हणजे बीपीची युक्ती आधीच बंद. आणि २०२५ च्या डिसेंबरअखेरच्या परिपत्रकात, तोंडी युक्तिवादाआधी द्यायचं लेखी टिपण पाच पानांच्या पुढे जाऊ नये असं सांगितलं. वाचणाऱ्याचे डोळे हा न्यायदानाचा भाग आहे, हे कुणीतरी मान्य केलं म्हणायचं.

अर्थात न्यायाधीशांना पानांची मर्यादा नाही. केशवानंद भारती खटल्याचा १९७३ चा निकाल ७०३ पानांचा, अयोध्येचा २०१९ चा १,०४५ पानांचा. मोठे प्रश्न, मोठी उत्तरं. त्याबद्दल तक्रार नाही. आणि लांबीपेक्षा वाईट गोष्ट म्हणजे दुर्बोधपणा. २०२१ मध्ये हिमाचलच्या उच्च न्यायालयाचा एक निकाल सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तो काही फार लांब नव्हता, पण तो वाचून न्यायमूर्ती एम. आर. शाह यांनी भर कोर्टात सांगितलं, की मला कपाळाला बाम लावावा लागला. पुढच्या वर्षी त्याच प्रकरणात, निकालाला परिच्छेद-क्रमांक घाला, लांब असेल तर अनुक्रमणिका द्या, असं न्यायालयाने न्यायाधीशांनाच समजावलं.

आता समजा, वसईच्या कोर्टात उद्या दाव्याला दहा पानांची मर्यादा आली. काका ऐकणार नाहीत, हे नक्की. ते जादा पानांसाठी अर्ज करतील. १९९८ पासून आपल्या खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, तेव्हा अर्जही मराठीत होईल. मला तो आत्ताच दिसतो:

"मे. दिवाणी न्यायाधीश, वसई यांचे न्यायालयात. वादीतर्फे जादा पाने वापरण्यास परवानगी मिळणेबाबत अर्ज. वादीचा नम्रपणे अर्ज येणेप्रमाणे:

१. ठरवून दिलेल्या पानांत वादीस आपले म्हणणे मांडणे शक्य झालेले नाही, कारण सदरहू पाने वादीच्या आजोबांपर्यंतच पुरली.

२. प्रतिवादीचे वर्णन थोडक्यात केल्यास तो बरा माणूस वाटण्याचा दाट संभव आहे.

३. सदरहू वाटेवरून वादीच्या घराण्याचे बैल, नंतर सायकल व तदनंतर स्कूटर गेलेली असून प्रत्येकास स्वतंत्र कलम देणे न्यायाचे होईल.

४. वादीने मजकूर कमी करण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. सदरहू प्रयत्नात चार पाने वाढली.

५. प्रतिवादीसही जादा पाने देण्याबाबत वादीची सक्त हरकत आहे.

सबब, मे. कोर्टाने जरूर तेवढी पाने मंजूर करावीत. न झाल्यास वादीचे कधीही भरून न येणारे नुकसान होईल."

कोर्ट अर्जावर शेरा मारील, "दुसऱ्या बाजूने से द्यावा." भाऊबंद से, म्हणजे लेखी म्हणणं, देतील, की अर्ज खोटा असून मान्य व कबूल नाही, आणि तो कसा खोटा आहे हे सांगण्यासाठी आम्हासही जादा पानांची गरज आहे. त्या से वर सुनावणीला तारीख पडेल. तोवर कुंपणावर कारलीचा वेल चढून दोन बहार येऊन गेलेले असतील.

चेष्टा पुरे. काकांना हे सगळं कळत नाही असं नाही. केळीच्या घडाला पुरेशा फण्या धरल्या की वाडीवाला खालचं केळफूल कापून टाकतो. ठेवलं तर फण्या पोसत नाहीत. काकांनी उभ्या आयुष्यात हजारो केळफुलं अशी एका घावात कापली असतील, जराही न थांबता. तोच हात वहीवर आला की का अडखळतो?

मला वाटतं, याला एक जुनं कारण आहे. पेशवाईत तंटा उभा राहिला की वादी-प्रतिवादींकडून 'करीना' लिहून घेत, वादाची मुळापासून हकिगत. पण ती ऐकायला बसलेली गोतसभा त्याच मातीतली असे. कुणाचा बांध कुठे, कुणाचा विडा कधी चुकला, हे त्यांना आधीच ठाऊक; करीना लिहिला तो रीतीपुरता. वसईच्या कोर्टात बसणारे न्यायाधीश बदलीवर आलेले असतात, कुणी विदर्भातून, कुणी सोलापूरकडून. ते भले असतात, हुशार असतात, पण त्यांनी आमची वाट पाहिलेली नसते आणि आमच्या आजोबांनाही. मग वादी सगळं गाव कागदावर घालून त्यांच्यापुढे नेऊ बघतो. गाव दहा पानांत मावत नाही.

पण हेही पुरतं खरं नाही. काकांची वही मी वाचली. वाटेचा भाग कोरडा आहे: लांबी, रुंदी, तारीख. रंग भरला आहे तो १९७१ मध्ये, आणि नंतर आजोबा आजारी असताना शेजारून कुणी डोकावलं नाही त्या पानांवर. त्या मजकुराशी न्यायाधीशांना काय करायचं आहे? काहीच नाही, आणि काकांनाही ते माहीत होतं. ती पानं त्यांनी न्यायाधीशांसाठी लिहिलीच नव्हती. ती भाऊबंदासाठी होती. दोन घरांचं बोलणं बंद झालं होतं, फणसाखालून निरोप जात नव्हता. मात्र दाव्याची एक प्रत बेलीफ प्रतिवादीच्या हातात नेऊन देतो, आणि ती त्याला वाचावीच लागते. जे तोंडावर सांगता आलं नाही ते कोर्ट फी स्टॅम्प लावून सांगायची ही सोय होती. जाड दाव्यांच्या फायली उघडून पाहा; जादा पानांपैकी बरीचशी अशीच, पत्ता न्यायाधीशांचा आणि मजकूर शेजाऱ्यासाठी.

संहितेचं कलम ८९ कोर्टाला प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू देतं. काकांचं प्रकरण तसं एकदा गेलं. मध्यस्थीच्या खोलीत पानं कुणी मोजत नाही, आणि तिथे बोललेलं बाहेर पुराव्यात येत नाही. काकांनी तिथे विड्याची गोष्ट सुरुवातीपासून सांगितली. भाऊबंद मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "दादा, त्या दिवशी पानांचा करंडा तुमच्याच घरून यायचा होता. तो उशिरा आला, म्हणून विडे उशिरा लागले. सगळ्यांनाच."

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "आणि हे इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

समेट झाला, असं मी सांगणार नाही. वाट दहा फुटांची की सहा फुटांची, यावर मध्यस्थी मोडली. दावा चालू आहे, पुढची तारीख पडली आहे. पण काकांनी वकीलसाहेबांना सांगून दुरुस्तीचा अर्ज दिला आणि वादपत्रातली सोळा कलमं गाळून टाकली. वकीलसाहेब म्हणाले, "दुरुस्ती अर्ज लोक मजकूर वाढवायला देतात. गाळायला दिलेला मी पहिल्यांदाच बघतोय." आता त्या दाव्यात एक वाट आहे, एक कुंपण आहे, एक तारीख आहे आणि एक मागणी आहे. भाऊबंदाच्या सुधारित कैफियतीत वादी हा वटारचा कायमचा रहिवासी असल्याचं मान्य व कबूल करण्यात आलं आहे.

तेव्हा कोर्टांनी पानांना मर्यादा घालावी, जरूर घालावी, आणि जादा पानांची परवानगी सहजासहजी देऊ नये, असं माझं मत झालं आहे. ज्याला खरंच गुंतागुंतीचं प्रकरण मांडायचं आहे तो कारण देऊन चार पानं मागून घेईल. बाकीच्यांना अर्जात 'कारण' या शब्दापुढे काय लिहायचं, हे सुचेपर्यंत आपण कुणाशी बोलायला हवं होतं ते आठवेल.

तुमच्यापैकी कुणाची वाट अडली असेल, तर आधी कुंपणापलीकडे हाक मारून बघा. तिथे पानांची अडचण नाही. हाक ऐकू गेली नाही तर काय होतं, काय झालं, कधी झालं आणि काय हवं, एवढं लिहून तहसील कचेरीत जा. आजोबांची गोष्ट घरी ठेवा. आणि मुदत सहा महिन्यांची आहे, ती मात्र विसरू नका.